उजाडलं नेमकं कधी? पहाट, सूर्योदय आणि ऋतूंच्या सुरुवातीचे वेगवेगळे हिशेब

२१ डिसेंबरला मुंबईत सूर्य साधारण ७ वाजून ७ मिनिटांनी उगवतो. त्याच दिवशी बेळगावात तो ६ वाजून ५५ मिनिटांच्या आसपास वर आलेला असतो. म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईची वेळ बघून सूर्योदयाची वाट पाहणाऱ्याच्या अंगणात ऊन येऊन दहा-बारा मिनिटं झालेली असतात. मग बारा मिनिटं वजा करायची आणि मोकळं व्हायचं, असं वाटेल. पण तेही जमत नाही. २१ जूनला मुंबई आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणी सूर्य ६ वाजून २ मिनिटांच्याच सुमाराला उगवतो. फरक शून्य.

ही गंमत फक्त बेळगावची नाही. राज्याबाहेरच्या मराठी घरांत उपास कधी सोडायचा, एकादशी कोणत्या दिवशी, संक्रांत १४ की १५, पेरणीला मृग धरायचा की हवामान खात्याची घोषणा, असे प्रश्न दरवर्षी निघतात. त्यांची उत्तरं बघताना एक गोष्ट लक्षात येते. वाद बहुतेक वेळा पंचांग चुकल्यामुळे होत नाही. पहाट, सूर्योदय आणि ऋतू या तिन्ही शब्दांच्या व्याख्याच एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येकजण आपापली खरी मानून बोलत असतो.

सूर्याची कडा की सूर्याचा मध्य?

खगोलशास्त्राच्या आजच्या नियमाप्रमाणे सूर्याच्या बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली की सूर्योदय झाला. यात एक मेख आहे. क्षितिजाजवळ हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो. या वक्रीभवनामुळे सूर्य आहे त्यापेक्षा सुमारे ३४ कला वर दिसतो (६० कला म्हणजे १ अंश). सूर्यबिंबाचा व्यास साधारण ३२ कला. म्हणजे आपल्याला क्षितिजाला टेकलेला अख्खा सूर्य दिसतो तेव्हा प्रत्यक्षात तो पूर्णच्या पूर्ण क्षितिजाखाली असतो. वक्रीभवनाच्या ३४ आणि बिंबाच्या अर्ध्या व्यासाच्या १६ मिळून ५० कला होतात. सूर्याचा मध्यबिंदू क्षितिजाखाली ५० कला असतो त्या क्षणाला सूर्योदय म्हणायचं, हे जगभर वापरलं जाणारं गणित.

जुन्या सिद्धांतग्रंथांत वक्रीभवनाची दुरुस्ती नाही आणि तिथे मोजणी बिंबाच्या मध्याची आहे. सूर्याचा मध्य गणिताने क्षितिजावर आला की उदय. काही पंचांगकर्ते आणि मोबाइलवरची काही पंचांगं आजही हाच सूर्योदय धरतात. दोन पद्धतींत फरक पडतो तो बेळगाव-गोव्याच्या अक्षांशावर साडेतीन ते पावणेचार मिनिटांचा, ग्वाल्हेरला चार मिनिटांच्या आसपास. संध्याकाळी तेवढाच उलट बाजूने. म्हणजे एकाच गावाच्या एकाच दिवसाचं दिनमान एका पंचांगात दुसऱ्यापेक्षा सात-आठ मिनिटांनी मोठं छापलेलं असू शकतं आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात.

यातूनच आणखी एक समज ढासळतो. २०-२१ मार्चला दिवस आणि रात्र सारखे, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं. पण दिसणाऱ्या सूर्यावरून मोजलं तर त्या दिवशी दिवस १२ तास आणि वर सात मिनिटांचा असतो. बेळगावात खरोखरचे सारखे दिवस-रात्र साधारण आठवडाभर आधीच येऊन जातात.

या सगळ्यात क्षितिज सपाट आहे, असं गृहीत धरलेलं असतं. गोव्यात सत्तरीकडच्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना हे लागू नाही. समजा गावाच्या पूर्वेला पाच किलोमीटरवर सातशे मीटर उंचीची डोंगररांग आहे. तर सूर्याला त्या रांगेच्या वर यायला जवळजवळ आठ अंश चढावं लागतं आणि त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. पंचांगात सूर्योदय झालेला, गावात मात्र सावली. अशा ठिकाणी पंचांगाची वेळ ही सपाट क्षितिजाची वेळ असते, एवढंच समजून घ्यायचं.

गाव बदललं की सूर्योदय बदलतो

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. दर अंशाला चार मिनिटं, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब. बेळगाव ७४.५ अंशावर, म्हणजे घड्याळाच्या मागे ३२ मिनिटं. मुंबई ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबईत ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होता, तो हाच ३९ मिनिटांचा फरक.

पण रेखांशाने अर्धीच गोष्ट सांगून होते. दुसरी अर्धी अक्षांशाची. जितकं उत्तरेला जावं तितका उन्हाळ्याचा दिवस मोठा आणि हिवाळ्याचा लहान. ग्वाल्हेर आणि बेळगाव ही जोडी बघण्यासारखी आहे. ग्वाल्हेर बेळगावच्या पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य कायम आधी उगवणार असं वाटतं. २१ जूनला तसंच होतं. ग्वाल्हेरला ५.२५, बेळगावला ६.०२, म्हणजे ३७ मिनिटं आधी. २१ डिसेंबरला मात्र बेळगावला ६.५५ आणि ग्वाल्हेरला ७.००. पूर्वेचं गाव मागे पडतं.

बाकीच्या गावांच्या ढोबळ वेळा अशा. पणजीला जूनमध्ये ६.०५, डिसेंबरमध्ये ६.५६. हैदराबादला ५.४३ आणि ६.४१. इंदूरला ५.४३ आणि ७.०२. बडोद्याला ५.५४ आणि ७.१२. इंदूर आणि हैदराबाद जूनमध्ये बरोबर चालतात आणि डिसेंबरमध्ये त्यांच्यात वीस मिनिटांचं अंतर पडतं, हे यात दिसेल. जुन्या ज्योतिषगणितात उज्जैनचा रेखांश मुख्य मानला जायचा आणि इंदूर जवळपास त्याच रेषेवर आहे. शून्य रेषेवरचं शहर म्हणून इंदूरकरांना मिरवायला हरकत नाही.

सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. बेळगाव-गोव्याकडे तो जानेवारीच्या उत्तरार्धात येतो. बेळगावात २० जानेवारीच्या सुमाराला सूर्य ७ वाजून ३ मिनिटांनी उगवतो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त तर नोव्हेंबरच्या अखेरीलाच होऊन गेलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या बाराच्या तुलनेत मागेपुढे सरकत राहते. संक्रांत झाली तरी सकाळ अजून उशिरा होतेय, ही आजीची तक्रार त्यामुळे अगदी खरी आहे.

एकाच सणाचे दोन दिवस

पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. तिथी मात्र सूर्य-चंद्राच्या अंतरावर ठरते, ती कुठल्याच गावासाठी थांबत नाही. सगळ्या देशात ती एकाच क्षणी संपते.

आता डिसेंबरमधला एक दिवस धरू, जेव्हा एखादी तिथी सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी संपते. हैदराबादेत सूर्य ६.४१ ला उगवला, तेव्हा ती तिथी होती. मुंबईत ७.०७ ला उगवेपर्यंत ती संपून गेली. बडोद्यात तर केव्हाच. हैदराबादच्या भावाची आणि बडोद्याच्या बहिणीची तिथी एक दिवसाने वेगळी आली, तर कुणाचंच पंचांग चुकलेलं नसतं. असं दर महिन्याला होत नाही, कारण तिथी नेमकी त्या अर्ध्या तासात संपावी लागते. पण होतं तेव्हा घरोघरी फोन वाजतात. संकष्टीच्या चंद्रोदयाची गाववार यादी मराठी दिनदर्शिकांत छापतात ती याच कारणाने. सूर्योदयाची तशी यादी मात्र फार कमी लोक उघडून बघतात.

राहुकाळ पाळणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. सोमवारी साडेसात ते नऊ, असे पाठ केलेले आकडे सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो या हिशेबाचे. मूळ नियम दिनमानाचे आठ भाग करण्याचा आहे. बडोद्यात २१ डिसेंबरच्या दिनमानाला तो लावला तर सोमवारचा राहुकाळ साधारण ८.३३ ला सुरू होऊन ९.५३ ला संपतो. पाठ केलेल्या वेळेशी त्याचा अर्धा ताससुद्धा जुळत नाही. राहुकाळ मानावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मानायचाच तर मोजून मानावा.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांना आणखी एक अडचण. आपले महिने अमावास्येला संपतात, तिथल्या शेजाऱ्यांचे पौर्णिमेला. त्यामुळे शेजारच्यांचा ‘सावन’ आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. चार श्रावणी सोमवारांतले पहिले दोन तिकडे, शेवटचे दोन इकडे, अशी काहीशी स्थिती. बेळगावात कन्नड आणि हैदराबादेत तेलुगू शेजाऱ्यांशी ही अडचण येत नाही, त्यांचे महिनेही अमावास्येलाच संपतात. बडोद्यात महिना आपल्यासारखाच, पण गुजराती वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं.

पहाट : तांबडं फुटण्याआधी की नंतर?

सूर्योदयाला निदान गणित आहे. पहाटेचं तसं नाही. मराठीत पहाट, झुंजुमुंजू, तांबडं फुटणं, उजाडणं, फटफटणं असे शब्द उतरंडीसारखे येतात, पण त्यांच्यामध्ये घड्याळाची रेघ कुणी ओढलेली नाही. गोव्यात कोंकणीत ‘फांतोड’, बेळगावकडे कन्नडात ‘नसुकु’, बडोद्याला ‘परोढ’. चहाच्या टपरीवर यातला कुठलाही शब्द चालतो.

शास्त्राला आकडा लागतो, म्हणून संधिप्रकाशाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असताना आकाशातला पहिला प्रकाश जाणवू लागतो, ती खगोलीय पहाट. १२ अंशांवर समुद्रात क्षितिजाची रेषा ओळखू येते, ती नाविकांची. ६ अंशांवर दिव्याशिवाय बाहेरची कामं करता येतात, ती नागरी पहाट. बेळगाव-पणजीच्या अक्षांशावर मार्चमध्ये नागरी पहाट सूर्योदयाच्या २१-२२ मिनिटं आधी आणि खगोलीय पहाट सुमारे ७० मिनिटं आधी होते. उत्तरेच्या देशांत हाच प्रकाश तास न् तास रेंगाळतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, म्हणून उजाडतं ते झपकन.

धर्मशास्त्राची पहाट घटकांनी मोजतात. एक घटका २४ मिनिटांची. सूर्योदयाच्या आधीच्या चार घटका म्हणजे ९६ मिनिटं हा अरुणोदय, ही एक व्याख्या. ब्राह्ममुहूर्तही त्याच ९६ मिनिटांपासून सुरू होऊन सूर्योदयाच्या ४८ मिनिटं आधी संपतो. दुसरी एक प्रचलित मोजणी सूर्योदयापासून ६० घटका मोजते आणि ५५ घटकांना उषःकाल, ५७ ला अरुणोदय, ५८ ला प्रातःकाल सांगते. या मोजणीत अरुणोदय सूर्योदयाच्या फक्त तीन घटका आधी, म्हणजे ७२ मिनिटं. हा आकडा वरच्या १८ अंशांच्या खगोलीय पहाटेला आपल्या अक्षांशावर जवळपास तंतोतंत जुळतो. ज्यांनी तो ठरवला त्यांनी उघड्या डोळ्यांनी आकाश बघूनच ठरवला असावा.

९६ मिनिटांच्या अरुणोदयावर मात्र मोठा व्यवहार अवलंबून आहे. दिनदर्शिकेत काही महिन्यांत ‘स्मार्त एकादशी’ आणि दुसऱ्या दिवशी ‘भागवत एकादशी’ अशा दोन एकादशी दिसतात. स्मार्त पद्धत सूर्योदयाला तिथी बघते. भागवत पद्धत अरुणोदयाला बघते. एकादशीच्या पहाटे अरुणोदयाच्या वेळी दशमी थोडीशीही शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली असं मानून उपास दुसऱ्या दिवशी धरतात. वारकरी भागवत एकादशी पाळतात. एका घरात माळकरी सासरे आणि स्मार्त सूनबाई असतील तर स्वयंपाकघरात दोन दिवस साबुदाणा भिजतो.

नरकचतुर्दशीलाही पहाटच महत्त्वाची. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी, म्हणून चतुर्दशी पहाटे आहे की नाही ते बघायचं. गोव्यात तर रात्रभर मिरवलेल्या नरकासुराचं दहन पहाटे होतं.

मुस्लिम समाजातही पहाटेच्या व्याख्येवर चर्चा आहेच. तिथे दोन पहाटा मानतात, आधीची खोटी आणि नंतरची खरी. खोटी पहाट म्हणजे क्षितिजावरून उभा वर जाणारा फिकट उजेड. खऱ्या पहाटेचा उजेड आडवा पसरतो आणि रोजा त्याच्यापासून सुरू होतो. तो सूर्य किती अंश खाली असताना दिसतो, यावर वेगवेगळ्या संस्था १५ पासून १९ अंशांपर्यंत आकडे धरतात. एका अंशाला चार मिनिटांहून थोडं जास्त. सहरीच्या दोन वेळापत्रकांत फरक दिसतो त्याचं मूळ इथे आहे.

कायद्याचा सूर्योदय

हा विषय फक्त उपासतापासाचा नाही. गाडीचे दिवे कधी लावायचे याचा केंद्रीय मोटार वाहन नियम सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत असा आहे, शिवाय उजेड पुरेसा नसेल तेव्हा कधीही. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. राष्ट्रध्वज सूर्योदय ते सूर्यास्त फडकवायचा, हा नियम जुलै २०२२ मध्ये बदलला आणि नागरिकांना घरावर तो रात्रीही ठेवता येऊ लागला.

या नियमांत घड्याळाची वेळ छापलेली नसते, ‘सूर्योदय’ एवढाच शब्द असतो. जूनमध्ये पहाटे ५.४५ ला ग्वाल्हेरला दिवस असतो आणि बेळगावला कायद्याने अजून रात्र असते. कायदा एकच आहे.

संक्रांत आणि उत्तरायण यांची फारकत

ऋतूंकडे वळायचं तर आधी उत्तरायण. सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो २१-२२ डिसेंबरला, हे कुणीही खिडकीतल्या उन्हावरून तपासू शकतं. संक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीला. सुमारे १७०० वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच दिवशी येत होत्या. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे ७२ वर्षांत एक अंश फरक पडतो. आज तो २४ अंशांहून थोडा जास्त आहे. यालाच अयनांश म्हणतात. राशी ताऱ्यांना बांधलेल्या ठेवल्या ते निरयन पंचांग, ऋतूंना बांधल्या ते सायन.

त्यामुळे संक्रांतीची तारीखही स्थिर नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि ‘संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली’ असं आजही भाषणांत ऐकू येतं. गणिताने पाहिलं तर त्या वर्षीची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमाराला होऊन गेली होती. आजची तारीख २६० वर्षं मागे नेल्याने झालेली ही गल्लत.

अयनांश किती धरायचे यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालला. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या पटवर्धनी पंचांगाने रेवतीचा एक तारा आरंभ मानला, पुढे टिळक पंचांगाने तीच वाट धरली. त्या पद्धतीत अयनांश चार अंशांनी कमी येतात, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो. चित्रा ताऱ्यावरून मोजण्याच्या बाजूने ज्यांनी जोर लावला त्यात वेंकटेश बापूजी केतकर हे नाव मोठं. नरगुंदला जन्मलेले आणि बागलकोटकडे शाळामास्तरकी केलेले केतकर हे कर्नाटकातल्या मराठी माणसांनी जास्त आठवावं असं नाव आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि विसाजी रघुनाथ लेले सायन पंचांगाच्या बाजूचे. दीक्षितांच्या १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या सगळ्या पक्षांचा हिशेब मिळतो.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. समितीने चित्रापक्ष घेतला आणि सगळ्या देशासाठी ८२.५ अंश रेखांश आणि २३ अंश ११ कला अक्षांश, म्हणजे उज्जैनचा अक्षांश, हे मध्यवर्ती ठिकाण मानलं. ऋतूही सरकवले. परंपरेने चैत्र-वैशाख हा वसंत, राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो फाल्गुन-चैत्र. प्रत्यक्ष हवेशी मेळ बसावा म्हणून एक महिना आधी. सरकारी कागदावर ही तारीख आजही छापली जाते, पण लग्नाची तिथी काढायला ती कुणी उघडत नाही.

पावसाळा कोण सुरू करतं?

२१ जूनला ‘आजपासून उन्हाळा सुरू’ असे मेसेज फिरतात. ते युरोप-अमेरिकेच्या पद्धतीचे. तिथे संपात आणि अयनबिंदूंपासून ऋतू मोजतात. बेळगावात त्या दिवशी छत्री उघडलेली असते. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दोनदा, बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या सुमाराला. मेमध्ये भाजून निघतं, ऑगस्टमध्ये ढगांमुळे कळतही नाही. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे सूर्य कधीच नेमका डोक्यावर येत नाही.

हवामान खात्याने वर्षाचे चार भाग केलेत. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. मान्सून आला असं जाहीर करायलाही कसोट्या आहेत. १० मेनंतर केरळ आणि आसपासच्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, शिवाय वाऱ्याची खोली आणि वेग, आणि ढगांवरून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांचं मोजमाप. केरळची सरासरी तारीख १ जून. २०२५ मध्ये तो २४ मेलाच पोहोचला आणि २६ मेला मुंबईत. खात्याचा पावसाचा दिवसही मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात. रात्री दहाला कोसळलेला पाऊस म्हणूनच दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत दिसतो.

शेतकऱ्याचं घड्याळ तिसरंच. सूर्य रोहिणीत साधारण २५ मेला, मृगात ७-८ जूनला, आर्द्रात २१-२२ जूनला. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, पुढे हस्ताचा हत्ती. ही नक्षत्रं भाषेच्या सीमेवर थांबत नाहीत. कन्नड शेतकरीही रोहिणी-मृगाचाच पाऊस मोजतो आणि हैदराबादेत मृगशिरा कार्तीला दम्याच्या रुग्णांना जिवंत माशातून औषध देण्यासाठी मोठी गर्दी जमते. पण नक्षत्रं निरयन आहेत, म्हणजे संक्रांतीसारखीच तीही ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. पावसाचा वारा ताऱ्यांना बांधलेला नाही. पणजोबांच्या वेळेपासून आजपर्यंत फरक दीड-दोन दिवसांचाच, त्यामुळे पेरणी त्यानं बिघडत नाही. बिघडते ती मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून ओल न बघता बी टाकल्यामुळे.

मासेमारीला ऋतू ठरवून देतो तो सरकारी आदेश. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. गोवा-कारवारचे ट्रॉलर १ ऑगस्टला सुटतात. जुनी रीत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होडी लोटायची. अधिक महिन्याच्या वर्षी ही पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीला जाते, आणि तोवर ट्रॉलरांच्या कितीतरी फेऱ्या होऊन गेलेल्या असतात.

सीमाभागात हंगामाच्या तारखेवर सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो उसात. महाराष्ट्रात गाळप कधी सुरू करायचं ते मंत्री समिती ठरवते, कर्नाटकात तिथलं सरकार. दोन तारखा जुळल्या नाहीत की आधी धूर काढणारे कारखाने नदीपलीकडचा ऊस ओढतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने राज्याबाहेर ऊस नेण्यावर बंदीचा आदेश काढला आणि शेतकरी संघटनांच्या विरोधानंतर तो मागे घेतला. आधी तोडलेल्या उसाला पुढच्या पिकासाठी रान लवकर मोकळं मिळतं, पण थंडी पडण्याआधीच्या उसात साखर कमी भरते. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. कारखान्याचा सरासरी उतारा अर्ध्या टक्क्याने बदलला तर टनाला १७३ रुपयांचा फरक. केंद्राच्या हिशेबात साखर वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची बहुतेक धुराडी अजून थंडच असतात.